संघ आणि संच

शनिवारी रात्री कर्वेनगरातली आमची इमारत लवकर झोपत नाही. दोन-तीन घरांचे दिवे उशिरापर्यंत जळत असतात आणि ते परीक्षेच्या अभ्यासासाठी जळत नाहीत, हे प्राध्यापक असल्यामुळे मला पक्के ठाऊक आहे. इंग्लंडमधला फुटबॉलचा सामना चालू असतो. आमच्याही घरात तेच. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सामना सुरू होण्याच्या तासभर आधी दोन्ही बाजूंचे अकरा खेळाडू जाहीर होतात, तेव्हापासूनच तो दूरचित्रवाणीसमोर बसतो. मध्यंतरी अशाच एका रात्री ती नावे पाहताच तो ताडकन उठून उभा राहिला. "बाबा, पुन्हा चार बदल! गेल्या आठवड्यात आपण जिंकलो ना? मग ह्याला बदलायचं असतं तरी काय?"

'हा' म्हणजे संघाचा व्यवस्थापक. मराठीचा शिक्षक असल्याने माझे लक्ष त्याच्या रागापेक्षा आधी त्याच्या सर्वनामांकडे गेले. जिंकले ते 'आपण'; बदलले ते 'ह्याने'. ज्या संघाच्या गावी हा मुलगा कधी गेलेला नाही, त्या संघासाठी तो सहजपणे उत्तमपुरुषी अनेकवचन वापरतो. आणि नावांच्या यादीत चार नावे बदलली की ते अनेकवचन तुटते. 'आपण' असे काही उरत नाही, उरतो तो निर्णय घेणारा एक माणूस आणि तो निर्णय मुकाट्याने सोसणारा एक प्रेक्षक.

ही तक्रार वरवर पाहता फार किरकोळ आहे. घरात बसून संघ निवडणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. क्रिकेटच्या बाबतीत तर कट्ट्या-कट्ट्यावर निवड समिती बसलेली असते. परंतु ही तक्रार इतकी जुनी, इतकी सार्वत्रिक आणि इतकी मनापासूनची आहे की, तिच्यामागे काहीतरी खरे दुखणे असावे, असे मला वाटू लागले. ते दुखणे कोणते, ह्याचा शोध घेताना इंग्लंडपासून हैदराबादपर्यंत फिरून मला शेवटी आपल्या पुण्यातच, बालेवाडीत यावे लागले.

आरंभीच एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. संघ निवडण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती असणे, ही व्यवस्था फुटबॉलइतकी जुनी नाही. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या काळात क्लबचे संचालक आणि त्यांच्या समित्या संघ निवडत. हर्बर्ट चॅपमन ह्यांनी १९२१ पासून हडर्सफील्डमध्ये आणि १९२५ पासून आर्सेनलमध्ये व्यवस्थापकाच्या पदाला जे वजन मिळवून दिले, त्यानंतर ही पद्धत हळूहळू बदलली. खुद्द इंग्लंडचा राष्ट्रीय संघ तर त्यानंतरही कित्येक वर्षे समितीच निवडत असे. १९६३ मध्ये आल्फ रॅम्सी ह्यांनी प्रशिक्षकपद स्वीकारले ते संघनिवडीचा संपूर्ण अधिकार आपल्याकडे असेल ह्या अटीवर. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, त्यांच्या संघाने विश्वचषक जिंकला. आज ज्या एका माणसावर प्रेक्षक चिडतो, तो माणूस समित्यांच्या घोळावरचा उपाय म्हणून पुढे आलेला आहे.

समितीचा घोळ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला क्रिकेटच्या इतिहासावरून चटकन समजेल. १९५८-५९ च्या हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. पाच कसोटी सामने झाले आणि त्या पाच सामन्यांत भारताला चार कर्णधार लाभले. मुंबईच्या पहिल्या कसोटीत पॉली उम्रीगर, कानपूर आणि कलकत्ता येथे गुलाम अहमद, मद्रासला विनू मांकड आणि दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत हेमू अधिकारी. मद्रासची कसोटी सुरू होण्यापूर्वी उम्रीगर ह्यांनी संघात कोणाला घ्यावे ह्या वादातून कर्णधारपदाचा राजीनामा दिला होता. मालिका ३-० अशी गेली. तिच्यात पुणेकरांना आठवावे असे दोन दिलासे मात्र आहेत. पुण्यात जन्मलेल्या हेमू अधिकाऱ्यांनी दिल्लीत ६३ आणि ४० धावा केल्या, तीन बळीही घेतले आणि सामना अनिर्णित राखला. पुण्याच्याच चंदू बोर्डे ह्यांनी त्या सामन्यात १०९ आणि ९६ धावा काढल्या. पण पुढच्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या संघाचा कर्णधार पुन्हा नवा होता, दत्ता गायकवाड. आणि ती मालिका आपण ५-० अशी हरलो. दिल्लीत जे थोडेफार सावरले होते, त्यावर काही उभारण्यापूर्वीच पान उलटले गेले.

ह्यावरून बदल वाईट, स्थैर्य चांगले, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. फुटबॉलच्या इतिहासात ह्या निष्कर्षाला आधारही सापडतो. १९८०-८१ मध्ये अॅस्टन व्हिला ह्या क्लबाने ४२ सामन्यांची इंग्लिश लीग जिंकली ती अवघ्या १४ खेळाडूंच्या बळावर. आजच्या प्रेक्षकाला हा आकडा पुराणकथेतला वाटेल. त्या काळी एका सामन्यात एकच बदली खेळाडू उतरवता येई. इंग्लिश लीगमध्ये ती मुभासुद्धा १९६५ मध्ये, तीही केवळ दुखापतीसाठी म्हणून मिळालेली. विश्वचषकात बदली खेळाडू प्रथम दिसले ते १९७० मध्ये. आता करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, तात्पुरते म्हणून आलेले पाच बदल कायमचे होऊन बसले आहेत. मोसम लांबला, स्पर्धा वाढल्या, खेळाचा वेग वाढला. पंचवीस जणांचा ताफा बाळगणाऱ्या व्यवस्थापकाने त्याच अकरा जणांना दर तीन दिवसांनी पळवावे, ही अपेक्षा अवाजवी ठरली.

राफाएल बेनिटेझ लिव्हरपूलचे व्यवस्थापक असताना २००६ पर्यंत सलग ९९ सामन्यांत त्यांनी एकदाही आधीच्या सामन्यातला संघ जसाच्या तसा उतरवला नाही. वृत्तपत्रांनी हा हिशेब मोठ्या खुशीने ठेवला होता. परंतु त्याच बेनिटेझच्या संघाने २००५ मध्ये इस्तंबूलला युरोपचे विजेतेपद मिळवले आणि २००६ मध्ये इंग्लंडचा एफ. ए. चषकही जिंकला. क्लॉडिओ रानिएरी ह्यांची कथा ह्याहून गमतीची आहे. २००० ते २००४ ह्या काळात ते चेल्सीत असताना इंग्रजी पत्रकारांनी त्यांना सतत खुडबुड करणारा माणूस अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. घड्याळ चालू असतानाही ते उघडून पाहणारा एखादा हौशी कारागीर असतो, तसे. हेच रानिएरी २०१५-१६ मध्ये लेस्टरला आले, जवळजवळ त्याच अकरा खेळाडूंना आठवड्यामागून आठवडे खेळवत राहिले आणि ज्या संघाच्या विजयावर सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता, त्याला त्यांनी विजेता केले. आणि मग लेस्टरने काय केले? नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, रानिएरींनाच बदलले.

म्हणजे बदलाने जिंकता येते आणि न बदलताही जिंकता येते. मग प्रेक्षकाचे दुखणे जयापजयाचे नाही, असे म्हणावे लागते. माझा मुलगा ज्या रात्री चिडला, त्या रात्री त्याचा संघ जिंकला होता. तरी झोपायला जाताना त्याची धुसफुस चालूच होती.

येथे मला आपल्या रंगभूमीवरचा एक शब्द उपयोगी पडतो. जुने गाजलेले नाटक पुन्हा रंगमंचावर आले की वृत्तपत्रातल्या जाहिरातीत 'नव्या संचात' असे छापलेले असते. मराठी प्रेक्षक त्या दोन शब्दांचा अर्थ बरोबर जाणतो. नाटक तेच, नाटककार तोच, प्रवेश तेच, माणसे दुसरी. तो कुरकुरतो, आधीच्या नटाची आठवण काढतो, आणि तरीही तिकीट काढून बालगंधर्वला किंवा यशवंतरावला जाऊन बसतो. कारण संच बदलला तरी नाटक उरते, ह्याची त्याला खात्री असते. नाटकाची संहिता ही त्या बदलत्या माणसांच्या खाली असलेली जमीन आहे.

फुटबॉलमध्ये संहिता नसते. तेथे संच असतो आणि संघ असतो. संच म्हणजे आज मैदानात उतरलेली अकरा माणसे. संघ म्हणजे त्यांच्या आधी खेळलेले, त्यांच्यानंतर खेळणारे, त्यांना घडवणारे आणि त्यांना पाहणारे अशा सर्वांची मिळून जी एक सलग स्मृती असते ती. प्रेक्षकाचे नाते संघाशी असते; पण डोळ्यांना दिसतो तो संचच. यादीतली चार नावे बदलली की त्याच्या मनात जी धडधड होते, ती ह्या शंकेची असते: ह्या संचाच्या खाली संघ आहे ना? की हा नुसताच संच आहे?

ही शंका ज्यांच्या बाबतीत कधी कोणाला आली नसावी, असा एक प्रशिक्षक आपल्या देशात होऊन गेला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुंबईकरांच्या जिव्हाळ्याची. कूपरेजच्या मैदानावर पाच वर्षे परगावच्या पोलिसांनी येऊन चषक घेऊन जावा, आणि त्याच पाहुण्यांना पाहण्यासाठी मुंबईकरांनी पुन्हा गर्दी करावी, असा तो काळ. रहीम भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आजच्या हिशेबाने प्रशिक्षकाला परतीच्या विमानातच निरोप मिळाला असता. रहीम राहिले. चार वर्षांनी मेलबर्नला भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि चौथा आला. ऑस्ट्रेलियावरच्या ४-२ अशा विजयात मुंबईच्या नेव्हिल डिसूझा ह्यांनी तीन गोल केले.

आणि १९६२ चे जाकार्ता. आशियाई क्रीडास्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा हरला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैल सिंग ह्यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. ते पुढचा सामना खेळू शकले नाहीत. उपांत्य सामन्यात रहीम ह्यांनी त्यांना उतरवले, पण बचावात नव्हे. थेट आघाडीवर, गोल करण्यासाठी. अंतिम सामन्यातही तेच. जर्नैल ह्यांनी दोन्ही सामन्यांत गोल केला आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी भारताने त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. आजारी पडलेले गोलरक्षक पीटर थंगराज उपांत्य सामन्याला नव्हते. अंतिम सामन्यात त्यांना परत आणण्याचा निर्णयही रहीम ह्यांचाच.

संघात ह्याहून धाडसी बदल कोणता असेल? टाके घातलेला बचावपटू आघाडीवर! हे एखाद्या नव्याने आलेल्या प्रशिक्षकाने केले असते आणि सामना हरला असता, तर त्याला वेड्यात काढले गेले असते. रहीम ह्यांना ते शोभले, कारण बारा वर्षे त्यांनी ह्या खेळाडूंना आणि ह्यांच्या आधीच्यांना पाहिले होते. जर्नैल ह्यांच्यात काय आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि रहीम उगाच काही करत नाहीत हे जर्नैलना ठाऊक होते. त्या बदलाच्या पाठीशी एक न बदललेला माणूस उभा होता. जून १९६३ मध्ये कर्करोगाने रहीम ह्यांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही.

आता पुण्याकडे वळू.

बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभे राहिले. २००८ मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. आणि त्याच सुमारास पुण्यात व्यावसायिक फुटबॉलही रुजू लागला. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफ. सी. हा क्लब दोनच वर्षांत आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत, पोहोचला आणि २००९-१० च्या पहिल्याच हंगामात तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा त्याचे प्रशिक्षक होते. ह्याच परेरांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. तो महिंद्र संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ मध्ये परेरांच्याच हाताखाली पुणे एफ. सी. दुसऱ्या क्रमांकावर राहिला. क्लबाची अकादमी होती. दूरदूरची मुले पुण्यात येऊन शिकत होती. सामन्यांना फार गर्दी नसे, पण संघ आकार घेत होता.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याला एफ. सी. पुणे सिटी हा आणखी एक संघ मिळाला. ह्या नव्या स्पर्धेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पहिला हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर, म्हणजे अवघ्या दहा आठवड्यांचा होता. एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. बरेचसे भारतीय खेळाडू आय-लीगच्या क्लबांकडून उसने घेतलेले. दहा आठवड्यांनी परदेशी खेळाडू आपापल्या देशी, देशी खेळाडू आपापल्या मूळ क्लबांत. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा नवी जमवाजमव. प्रेक्षक ज्याला बदल म्हणून नावे ठेवतो, तो येथे कोणा व्यवस्थापकाच्या स्वभावातून आलेला नव्हता. स्पर्धेच्या बांधणीतच तो गृहीत धरलेला होता. संच जमवणे सोपे व्हावे आणि संघ घडणे अवघड व्हावे, अशीच ती घडण होती.

पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे पुण्यासाठी खेळला. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. कर्वेनगरातून वारज्याला, तेथून महामार्गाने चांदणी चौकाची कोंडी पार करून बालेवाडीला, असा आमचा प्रवास. पुलाखाली वाहने अडली की तो मागच्या सीटवरून विचारी, "बाबा, सुरू झाला असेल का?" १९९८ चा विश्वचषक मी महाविद्यालयात असताना वसतिगृहाच्या दूरचित्रवाणीवर पाहिला होता, त्यातला खेळाडू माझ्यापासून काही हातांवर धावत होता, ह्याचे मला मुलापेक्षाही अधिक अप्रूप वाटले. २००४ मध्ये ग्रीसला युरोपचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातला कात्सुरानिसही पुण्यातच होता. प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोम्बा. दुसऱ्या वर्षी ते सारे गेले. प्रशिक्षक इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट. खेळाडू मुटू, झोकोरा, तुंजाय. तिसऱ्या वर्षी स्पेनचे आंतोनिओ हबास आणि पुन्हा नवी नावे. हे सर्व आपापल्या जागी नामवंत होते. परंतु मुलाला दरवर्षी ऑक्टोबरात नव्याने अकरा नावे पाठ करावी लागत आणि डिसेंबरात विसरावी लागत.

दरम्यान जुने क्लब मिटत चालले होते. २०१५ मध्ये पुणे एफ. सी. चा मुख्य संघ थांबला. त्याची अकादमी पुढे एफ. सी. पुणे सिटीने घेतली. भारत एफ. सी. हा पुण्याचाच क्लब २०१४-१५ चा एकच हंगाम आय-लीग खेळून दिसेनासा झाला. डी. एस. के. शिवाजीयन्स २०१५ ते २०१७ असे दोन हंगाम टिकले. त्या तीन-चार वर्षांत बालेवाडीचे एकच मैदान चार क्लबांनी आपले घर म्हणून वापरले आणि एकेकाने सोडले.

मग २०१७-१८ आले. स्पर्धा लांबली, परदेशी खेळाडूंची संख्या सहावरून पाचावर आली, देशी खेळाडूंना दीर्घ करार मिळू लागले. प्रशिक्षक रान्को पोपोविच. पुढे ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो ही जोडी. बाजूने पळणारा आशिक कुरुनियन, जो केरळातून पुण्याच्या अकादमीत आला आणि येथेच वाढला होता. आठवड्यामागून आठवडे ओळखीचे चेहरे दिसू लागले. कोण कोणाला चेंडू देणार, हे आता मुलाला आधी कळे. 'आला बघा!' असे तो पास देण्यापूर्वीच म्हणे. संघ चौथा येऊन प्रथमच उपांत्य फेरीत गेला. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीतला पहिला सामना ०-० असा सुटला आणि बंगळुरूमध्ये सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी पुणे ३-१ असे हरले. त्या पराभवानंतर मुलगा रडला. नंतर विचार करताना माझ्या लक्षात आले की, आधीच्या तीन वर्षांतल्या कोणत्याही पराभवाने त्याला रडू आले नव्हते. रडण्यासाठी आधी 'आपण' व्हावे लागते.

पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते. मिगेल आंगेल पोर्तुगाल आले आणि तीन सामन्यांनंतर गेले. प्रद्युम्न रेड्डी ह्यांनी काही काळ सूत्रे सांभाळली; डिसेंबर २०१८ मध्ये फिल ब्राउन आले. पाच हंगामांत सात प्रशिक्षक. त्याच वर्षी मुलाला नवा नारिंगी शर्ट घेतला. पाठीवर कोणाचे नाव छापायचे, असे दुकानदाराने विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "नाव नको काका, नुसताच द्या." तेरा वर्षांच्या मुलाने तेवढ्यात किती हिशेब केला असेल, ह्याची कल्पना मला तेव्हा आली नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात आर्थिक अडचणींपायी क्लबच बंद झाला आणि त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली. फिल ब्राउन आणि काही खेळाडूही तिकडे गेले. खेळाडू बदलले होते, प्रशिक्षक बदलले होते. आता गावच बदलले. प्रेक्षक तेवढा जागच्या जागी राहिला.

इतिहासात योगायोगांना फार महत्त्व देऊ नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. तरी रहीमसाहेबांच्या गावी पुण्याचा क्लब गेला, ह्याची नोंद घेतल्यावाचून राहवत नाही. तेथे पहिल्या वर्षी तो तळाला राहिला. २०२० मध्ये मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून आले आणि तीन हंगाम राहिले. पहिल्या वर्षी पाचवा क्रमांक, दुसऱ्या वर्षी, २० मार्च २०२२ रोजी गोव्यात, विजेतेपद आणि तिसऱ्या वर्षी गुणतालिकेत दुसरे स्थान. त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा, पुण्यात शिकलेला अनिकेत जाधवही होता. जो सलगपणा पुण्याला लाभला नाही, तो तेथे तीन वर्षे लाभला आणि त्याने आपले काम केले. पुढे हैदराबादवरही पैशाचे संकट आले आणि २०२५ मध्ये तो क्लब नव्या नावाने दिल्लीला गेला. आज हैदराबादेत एखादा बाप आपल्या मुलाची समजूत काढत असेल.

ह्याच्या उलट चित्र पाहायचे तर कोल्हापुरास जावे. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे आणि शिवाजी तरुण मंडळासारख्या मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. तेथेही खेळाडू एका तालमीतून दुसरीकडे जातात, बाहेरचे आणले जातात, संघनिवडीवरून भांडणे होतात. कोल्हापूरकर ह्या बाबतीत पुणेकरांहून सोशिक आहेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र तालीम जेथे आहे तेथेच असते. ती विकून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला बदलावर मनसोक्त चिडता येते. ती चीड घरातल्या माणसावरच्या चिडीसारखी असते. घर राहणारच आहे, हे तिने धरलेले असते.

ज्या वस्तीत मी राहतो, तिचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आश्रम नेला. १९१६ मध्ये तेथेच त्यांनी महिला विद्यापीठ काढले. पुढे त्या विद्यापीठाचे नाव बदलले आणि १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणेही मुंबईला गेले. म्हणजे स्थलांतर, नामांतर आणि पिढ्यांमागून पिढ्यांचे बदल हे सगळे त्याही कामाच्या वाट्याला आले. पण हिंगण्याची संस्था हिंगण्यात राहिली, आणि मुंबईला गेले ते विद्यापीठही आपण कोठून आलो हे विसरले नाही. आजही सकाळी कर्वेनगरच्या रस्त्यावरून तिकडे मुलींचे थवे जाताना दिसतात. त्यांतली एकही शंभर वर्षांपूर्वी नव्हती. संच रोज नवा, संस्था तीच. बदल पचवता येतात, पण ते पचवणारे काहीतरी टिकून राहावे लागते आणि बदलाचा जाब देणारा कोणीतरी उद्याही भेटेल, एवढा भरवसा लागतो.

म्हणून मुलाच्या त्या रात्रीच्या रागाला मी पोरकटपणा म्हणत नाही. त्याच्या परक्या क्लबाचा व्यवस्थापक कदाचित बरोबरही असेल. त्याला खेळाडूंचे पाय वाचवायचे असतील, पुढच्या बुधवारचा सामना डोळ्यांपुढे असेल. परंतु 'पुन्हा चार बदल' असे ओरडणारा हा मुलगा बालेवाडीत वाढलेला आहे. बदल कोठून सुरू होतात आणि कोठपर्यंत जाऊ शकतात, हे त्याने पाहिले आहे.

परवा दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून तो नारिंगी शर्ट निघाला. त्याला आता तो होत नाही. बोहारणीच्या गाठोड्यात घालू का, असे त्याच्या आईने विचारले. त्याने तो हातात घेतला, पाठ उलटून पाहिली, पुन्हा घडी घातली आणि आपल्या खणात ठेवून दिला.